खाण गेली, बँड राहिला: ग्राइमथॉर्पचं प्रकरण

१३ ऑक्टोबर १९९२, मंगळवार. ब्रिटनचे व्यापारमंत्री मायकेल हेसेल्टाइन यांनी जाहीर केलं, की देशात उरलेल्या ५० कोळसा खाणींपैकी ३१ बंद होतील आणि सुमारे ३० हजार लोकांची नोकरी जाईल. त्यातल्या दहा खाणी तर ताबडतोब थांबवायच्या होत्या. त्या दहांत बार्न्सलीजवळचं, साउथ यॉर्कशरमधलं ग्राइमथॉर्प होतं. खाणीचा ब्रास बँड तेव्हा लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये होणाऱ्या राष्ट्रीय अंतिम फेरीच्या तालमीत गुंतला होता. काही दिवसांतच तो तिथे वाजवून राष्ट्रीय विजेता ठरला. १९९३ च्या मे महिन्यात खाण बंद झाली. बँड आजही वाजतो आहे.

ही गोष्ट जगभर माहीत झाली ती १९९६ च्या 'ब्रास्ड ऑफ' या चित्रपटामुळे. त्यात गावाचं नाव बदलून ग्रिम्ली केलं आहे, पण ऐकू येतो तो याच बँडचा आवाज. चित्रपटाने बँडला कीर्ती दिली आणि त्याबद्दल त्याचे आभारच मानायला हवेत. मात्र चित्रपट विजयाच्या क्षणाजवळ संपतो आणि खरे प्रश्न त्यानंतर सुरू होतात. खाण या बँडला नेमकं काय काय पुरवत होती? ती गेल्यावर त्यातलं काय दुसरीकडून मिळालं आणि काय कधीच मिळालं नाही? हे प्रकरण मांडण्यामागे माझा हेतू या दोन प्रश्नांची उत्तरं शोधण्याचा आहे.

बँड म्हणजे कसला बँड

आपल्याकडे बँड म्हटलं की वरात डोळ्यांसमोर येते. त्या बँडचं मूळ ब्रिटिश फौजेच्या बँडमध्ये आहे, आणि त्यात क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ट्रंपेट सगळं चालतं. इंग्लंडच्या उत्तरेकडचा ब्रास बँड वेगळा. त्यात क्लॅरिनेट नाही, सॅक्सोफोन नाही, ट्रंपेटसुद्धा नाही. साधारण पंचवीस पितळी वाद्यं आणि सोबत तालवाद्यं, अशी ठरलेली मांडणी असते. एक सोप्रानो कॉर्नेट, नऊ कॉर्नेट, एक फ्लूगलहॉर्न, तीन टेनर हॉर्न, दोन बॅरिटोन, दोन युफोनियम, तीन ट्रॉम्बोन आणि चार मोठी बास वाद्यं. कॉर्नेटची नळी शंकूसारखी रुंदावत जाते, म्हणून त्याचा सूर ट्रंपेटपेक्षा मऊ येतो. अशी पंचवीस वाद्यं एकत्र वाजली की येणारा आवाज फौजी बँडपेक्षा चर्चमधल्या ऑर्गनला जवळचा वाटतो.

कामगारांना हा प्रकार का मानवला, याचं एक उत्तर वाद्यांच्या रचनेतच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर झडपांची वाद्यं स्वस्तात बनू लागली. पॅरिसमध्ये राहणाऱ्या अडॉल्फ सॅक्स यांच्या सॅक्सहॉर्न घराण्यातून आजची टेनर हॉर्न, बॅरिटोन ही वाद्यं आली. तीन झडपा आणि तीन बोटं. त्यात आणखी एक सोय अशी, की बास ट्रॉम्बोन सोडला तर जवळजवळ सगळ्यांचं स्वरलेखन एकाच पट्टीच्या खुणेत असतं आणि बोटं टाकायची पद्धतही एकच. त्यामुळे कॉर्नेट शिकलेला पोरगा उद्या टेनर हॉर्नवर बसू शकतो आणि म्हातारपणी दात गेले, ओठ थकले की मोठ्या बासकडे वळू शकतो. गावात युफोनियमवाला वारला तर शहरातून माणूस मागवावा लागत नाही. गावातलाच कुणीतरी सरकून त्या खुर्चीवर बसतो.

स्पर्धाही जुन्या. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू बागेतली मोठी स्पर्धा १८५३ पासूनची. आणि वादक सगळे हौशी. अगदी राष्ट्रीय विजेत्या बँडमधला सोलो कॉर्नेटवालासुद्धा दिवसा दुसरं काम करून पोट भरतो. वाजवण्याचा पगार त्याला मिळत नाही.

खाण काय पुरवत होती

ग्राइमथॉर्पची खाण खोदायला सुरुवात झाली १८९४ मध्ये. कार्ल्टन मेन कोलिअरी ही तिची मालक कंपनी. बँड उभा राहिला १९१७ साली, पहिलं महायुद्ध चालू असताना. शेजारच्या कडवर्थ गावचा बँड मोडला होता, त्यातल्या वादकांनी खाणकामगारांसाठी नवा बँड बांधला. १ जानेवारी १९४७ ला ब्रिटनच्या खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं आणि मालकाच्या जागी नॅशनल कोल बोर्ड आलं, तरी बँडची व्यवस्था मुळात तशीच राहिली.

ही व्यवस्था नीट पाहिली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. पहिली गोष्ट पैसा. कोळसापट्ट्यातल्या बँडांचा नेहमीचा मार्ग म्हणजे कामगारांच्या पगारातून दर आठवड्याला कापली जाणारी किरकोळ वर्गणी. रक्कम इतकी लहान की कुणाला जड जाऊ नये, आणि देणारे इतके की त्यातून गणवेश, वाद्यांची दुरुस्ती, बसभाडं, संगीतदिग्दर्शकाचं मानधन भागावं. या कपातीचा अर्थ पैशापुरता नव्हता. कधी कॉर्नेट हातात न धरलेला खाणकामगारही बँडचा वर्गणीदार होता, त्यामुळे बँड हरला तर त्याला रागावण्याचा हक्क होता आणि जिंकला तर कौतुक करण्याचा.

दुसरी गोष्ट वेळ आणि जागा. खाणीत तीन पाळ्या चालतात. दुपारच्या पाळीला असलेला माणूस संध्याकाळच्या तालमीला येणार कसा? पाळी बदलून देणं, स्पर्धेच्या दिवशी सुट्टी देणं, चांगल्या वादकाला जमिनीवरचं काम देणं ही सगळी व्यवस्थापनाच्या हातची गोष्ट होती, आणि कोळसापट्ट्यातले व्यवस्थापक ती करत. एखादा उत्तम कॉर्नेट वाजवतो म्हणून त्याला खाणीत नोकरी दिल्याची उदाहरणं या भागात सर्रास सापडतात. तालमीची खोली, वाद्यं ठेवायची कपाटं, हिवाळ्यात खोली गरम ठेवणं हेही खाणीच्या आधारावर चाले.

तिसरी गोष्ट माणसं, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. वडील खाणीत आणि बँडमध्ये, काका बँडमध्ये, शेजारी बँडमध्ये. आठ-नऊ वर्षांच्या पोराला जुनं कॉर्नेट मिळायचं आणि शिकवायला बँडमधलाच कुणीतरी असायचा. फी नाही, प्रवास नाही, प्रवेशपरीक्षा नाही. चौदाव्या-पंधराव्या वर्षी तो मागच्या रांगेत बसायचा. ही रांग कुणी योजना आखून तयार केलेली नव्हती. सगळे एकाच ठिकाणी कामाला आणि एकाच गल्लीत राहायला, म्हणून ती आपोआप चालू होती.

या बदल्यात बँड गावाला काय द्यायचा, तर गावातली प्रत्येक मोठी वेळ. नाताळची गाणी, संघटनेच्या मिरवणुका, म्हाताऱ्यांसाठी मैफली आणि अंत्ययात्रा. कोळसापट्ट्यात बँड आणि मृत्यू यांचं नातं किती जवळचं आहे, हे 'ग्रेसफर्ड' या धुनेवरून कळतं. २२ सप्टेंबर १९३४ रोजी वेल्समधल्या ग्रेसफर्ड खाणीत स्फोट झाला आणि २६६ जण मेले. बहुतेकांचे मृतदेह बाहेर काढताच आले नाहीत, तो भाग बंद करून टाकावा लागला. इंग्लंडच्या ईशान्येकडच्या हेबर्नमधला एक खाणकामगार, रॉबर्ट सेंट, याने त्या मृतांसाठी धून रचली. तिला शब्द नाहीत. आजही डरॅमच्या खाणकामगारांच्या वार्षिक मेळाव्यात, १८७१ पासून भरणाऱ्या त्या मेळाव्यात, ती वाजते तेव्हा लोक टोप्या काढून उभे राहतात. ज्या वर्षी खाणीत कुणी मेलं असेल त्या वर्षी त्या खाणीच्या झेंड्याला काळं कापड लावून मिरवणुकीत आणायची तिथली रीत होती. हे सगळं बँडशिवाय झालंच नसतं.

गावाच्या हद्दीपलीकडे

ग्राइमथॉर्प इतर शेकडो खाणबँडांपेक्षा वेगळा झाला तो १९७० च्या दशकात. १९७० मध्ये तो पहिल्यांदा राष्ट्रीय विजेता झाला. त्यानंतर संगीतदिग्दर्शक एल्गर हॉवर्थ त्याच्याशी जोडले गेले. हॉवर्थ बँडच्या घरातलेच, वडील बँडमास्टर. पण मँचेस्टरच्या संगीत महाविद्यालयात हॅरिसन बर्टविसल यांच्यासारख्या नव्या विचाराच्या मंडळींबरोबर शिकलेले. त्यांनी बर्टविसल यांच्याकडून १९७३ मध्ये 'ग्राइमथॉर्प आरिया' ही रचना लिहून घेतली. जर्मनीच्या हान्स वर्नर हेन्झे यांनीही या बँडसाठी लिहिलं, आणि जपानच्या तोरू ताकेमित्सु यांचं संगीतही बँडने वाजवलं. १९७४ मध्ये बँड लंडनच्या प्रॉम्स संगीतमहोत्सवात ब्लॅक डाइक मिल्स बँडबरोबर वाजला.

कोळशाच्या धुळीतल्या गावातली माणसं हेन्झे आणि ताकेमित्सु वाजवतात, हे ऐकून मला आजही आनंद होतो. 'आरिया' काही गोड, शिट्टीवर वाजवता येईल अशी रचना नाही. ती गडद आहे, जड आहे, ऐकणाऱ्याची परीक्षा पाहणारी आहे. नेहमीचे मार्च आणि सुरावटींचे गुच्छ वाजवणाऱ्या वादकांनी ती आपलीशी करायला किती तालमी घेतल्या असतील, याची कल्पना संगीत शिकलेल्या माणसाला येईल. प्रकरणाच्या दृष्टीने महत्त्वाचं असं, की खाण बंद व्हायच्या वीस वर्षं आधी या बँडला खाणीबाहेर स्वतःचं नाव मिळालं होतं. संगीताच्या जगात ग्राइमथॉर्प म्हटलं की आधी बँड आठवायचा, मग कोळसा. बहुतेक खाणबँडांपाशी ही पुंजी नव्हती.

संपाचं वर्ष

१९८४ च्या मार्चमध्ये सरकारी कोल बोर्डाने २० खाणी बंद करून २० हजार नोकऱ्या कमी करण्याचा बेत सांगितला. बार्न्सलीपासून जवळच असलेल्या कॉर्टनवूड खाणीतून ठिणगी पडली आणि वर्षभराचा संप सुरू झाला. संपात पगार नाही, म्हणजे पगारातली कपातही नाही. कोळसापट्ट्यातल्या बँडांचा पायाच त्या वर्षी थांबला. वाजवणं मात्र थांबलं नाही. मोर्चांपुढे, मदतनिधीच्या मैफलींत, सार्वजनिक स्वयंपाकघरांसाठी पैसे गोळा करायला बँड उभे राहिले. ३ मार्च १९८५ ला संप मागे घेण्याचा निर्णय झाला आणि त्यानंतर अनेक खाणींवर कामगार झेंडे घेऊन, बँड पुढे ठेवून कामावर परतले. हरलेल्या संपानंतर असं ताठ मानेने परतणं बँडशिवाय जमलं असतं का, मला शंका आहे.

मराठी वाचकाला इथे १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला मुंबईचा गिरणी संप आठवल्यावाचून राहणार नाही. गिरणगावातही भजनी मंडळं होती, लेझीम पथकं होती, कामगार नाटकं होती. तीही पाळी, चाळ आणि किरकोळ वर्गणी या तीन खांबांवर उभी होती. गिरणी गेल्यावर त्यांचं काय झालं हे आपण पाहिलंच आहे, म्हणून ग्राइमथॉर्पकडे पाहताना मला परकं वाटत नाही.

अल्बर्ट हॉल, १९९२

आता त्या ऑक्टोबरकडे येऊ. नियमाप्रमाणे अंतिम फेरीत सगळे बँड एकच रचना वाजवतात. त्या वर्षीची रचना होती फिलिप विल्बी यांची 'न्यू जेरुसलेम'. बँडचे संगीतदिग्दर्शक होते फ्रँक रेंटन. बातमी आलेल्या आठवड्यात तालमीच्या खोलीत कुणी काय म्हणालं ते मी सांगू शकत नाही. पण समोर कोणते पर्याय होते ते स्पष्ट आहे. स्पर्धेतून माघार घेता आली असती, आणि कुणी दोष दिला नसता. बँडने तालमी चालू ठेवल्या आणि तो स्पर्धेला गेला.

या विजयाबद्दल एक गैरसमज नेहमी होतो. लोकांना वाटतं, गावावर संकट आलं म्हणून परीक्षक हळवे झाले असतील. हे शक्यच नव्हतं. या स्पर्धेत परीक्षक बंद पडद्याआड बसवलेले असतात. बँडांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो आणि परीक्षकांना कुणाचंही नाव कळत नाही. ऐकू येतात फक्त सूर, तेही एकच रचना पुन्हा पुन्हा. त्या बंद जागेतल्या परीक्षकांना आपण ग्राइमथॉर्प ऐकतो आहोत हे सांगितलेलं नव्हतं. म्हणजे ज्या आठवड्यात आपल्या गावाची गरज नाही असं सरकारने सांगितलं, त्याच सुमारास देशातल्या सगळ्या बँडांत हाच सर्वांत चांगला, असा निकाल नाव न पाहता लागला. मला हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा तपशील वाटतो.

बाहेर तेव्हा देश पेटला होता. लंडनमध्ये प्रचंड मोर्चे निघाले, सत्ताधारी पक्षातलेही काही जण नाराज होते. डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं, की कामगारांशी सल्लामसलत न करता या दहा खाणी बंद करणं बेकायदेशीर आहे. खाणींच्या फाटकांबाहेर महिलांनी तळ ठोकले. पण न्यायालयाने सल्लामसलत करा म्हटलं होतं, खाण चालू ठेवा असं नव्हे. भरपाईची रक्कम वाढवून ती ठरावीक मुदतीत घ्या, असा तगादा लावल्यावर कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाने किती ताणायचं? मे १९९३ मध्ये ग्राइमथॉर्पची खाण थांबली.

खाणीनंतरचा बँड

पैशाचा प्रश्न बँडने सोडवला, आणि कौतुकास्पद रीतीने सोडवला. १९९४ च्या अखेरीस सरकारी कोळसा उद्योग खासगी हातात गेला आणि इंग्लंडच्या बहुतेक खाणी आरजेबी मायनिंगने घेतल्या. या कंपनीने बँडला प्रायोजकत्व दिलं, आणि बँडच्या नावात आरजेबी ही अक्षरं आली. कंपनीचं नाव यूके कोल झालं तसं बँडच्या नावातही यूके कोल आलं. गावातली खाण बंद, पण दुसरीकडच्या खाणींच्या पैशावर बँड चालू, अशी ही विचित्र स्थिती होती. तरी त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पंचवीस वादकांचा अव्वल बँड चालवायला वर्षाला मोठी रक्कम लागते आणि ती कुठूनतरी यावीच लागते. मैफलींचं मानधन, ध्वनिमुद्रणं, चित्रपटानंतर आलेली परदेशातली निमंत्रणं यांतून बाकीचं उभं राहिलं.

वाजवण्याचा दर्जा टिकला, हे कुणी नाकारू शकणार नाही. २००६ आणि २००७ अशा लागोपाठ दोन वर्षी बँड पुन्हा राष्ट्रीय विजेता झाला, म्हणजे खाण जाऊन तेरा-चौदा वर्षं झाल्यावर. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनात औद्योगिक क्रांतीचा देखावा उभा राहिला तेव्हा तिथे याच बँडने एडवर्ड एल्गर या इंग्रज संगीतकाराचं 'निमरॉड' वाजवलं. नावातलं 'कॉलिअरी', म्हणजे कोळसा खाण, त्याने कधी टाकलं नाही. माझ्या मते तो बँडने घेतलेला सर्वांत शहाणा निर्णय होता. नव्या प्रायोजकाला खूश करायला ते नाव सोडून देणं सोपं होतं. ते गेलं असतं तर इथे खाण होती याचा गावाकडे उरलेला शेवटचा सार्वजनिक पुरावाही गेला असता.

अशी आणखी उदाहरणं आहेत. लेस्टरशरमधली डेस्फर्ड खाण १९८४ मध्ये बंद झाली, आणि डेस्फर्ड कॉलिअरी बँडने १९८७, १९८८, १९८९ असे सलग तीन राष्ट्रीय किताब घेतले. यॉर्कशरमधल्या फ्रिकलीची खाण १९९३ मध्येच गेली, तिथला बँडही जिवंत आहे. वेल्सच्या ऱ्हॉन्डा खोऱ्यातला कोरी बँड तर एका कोळसा कंपनीच्या मालकाचंच नाव लावतो. १८९५ मध्ये क्लिफर्ड कोरी यांनी मदत दिली तेव्हापासून. आज तो जगातल्या सर्वोत्तम बँडांत गणला जातो आणि खोऱ्यात एकही खाण नाही.

ही नावं वाचून कुणाला वाटेल, खाण गेली तरी बँडचं काही बिघडत नाही. मी याच्याशी असहमत आहे. वरचे सगळे बँड पहिल्या दर्जाचे आहेत. त्यांच्याकडे दूरदूरहून वादक येतात. त्यांना प्रायोजक मिळतो, कारण त्यांचं नाव विकलं जातं. खालच्या दर्जाच्या स्पर्धांत वाजवणाऱ्या, रविवारी बागेत आणि नाताळात चौकात उभं राहणाऱ्या साध्या खाणबँडांकडे यातलं काही नव्हतं. कितीतरी मोडले, एकमेकांत विलीन झाले, नाव बदलून कसेबसे चालू राहिले. त्यांच्यावर कुणी चित्रपट काढला नाही.

जे परत आलं नाही

ग्राइमथॉर्पमध्येच पाहू. १९९४ च्या युरोपीय संघाच्या एका अभ्यासात ग्राइमथॉर्प हे ब्रिटनमधलं सर्वांत गरीब गाव ठरलं. ज्या गावाचा बँड दोन वर्षांपूर्वी देशात पहिला होता, ते गाव. पुढे पडीक जागा साफ झाल्या, नवा रस्ता आला, गावाजवळ कपड्यांची अवाढव्य गोदामं उभी राहिली, कामं आली. पण गोदामातलं काम कंत्राटी, पाळ्या आयत्या वेळी ठरणाऱ्या, माणसं लांबून येणारी. गोदामात शेजारी उभा असलेला माणूस आपल्या गल्लीतला असेलच असं नाही. त्या पगारातून बँडची वर्गणी कापून घ्या, अशी कल्पनाही तिथे कुणाच्या डोक्यात येणार नाही.

खाण पुरवत असलेल्या तीन गोष्टींपैकी पैसा मिळाला. तालमीची जागा मिळाली. तिसरी गोष्ट, म्हणजे गल्लीतलं पोरगं आपोआप मागच्या रांगेत येऊन बसण्याची ती वाट, मात्र कुठल्याही प्रायोजकाकडे मागता येण्यासारखी नव्हती. आजच्या अव्वल बँडमधला वादक बहुधा संगीत महाविद्यालयात शिकलेला असतो, शिक्षक असतो, दुसऱ्या शहरात राहतो, गाडीने तालमीला येतो. तो उत्तम वाजवतो आणि त्याचं प्रेमही खरं असतं. पण गाव आणि बँड यांच्यात आता एक अंतर आहे, जे १९६० साली नव्हतं. गावकऱ्याला बँडचा अभिमान वाटतो. आपला मुलगा त्यात बसेल, हे मात्र तो पूर्वीसारखं गृहीत धरू शकत नाही.

याला उपाय नव्हता का? होता, आणि तो फार महागडाही नव्हता. खाण बंद करताना कामगारांच्या भरपाईचा हिशेब झाला, जमीन साफ करण्याचा झाला, वीज कंपन्यांच्या पुरवठ्याचा झाला. खाणीच्या आधाराने चालणाऱ्या संस्थांचा झाला नाही. वाद्यं कुणाच्या मालकीची? खोली कुणाची? कपात थांबल्यावर पुढची दहा वर्षं मुलांना शिकवायला एक माणूस नेमायचा तर त्याचा पगार कोण देणार? एका पूर्णवेळ शिक्षकाचा पगार, शंभर वापरलेली वाद्यं आणि शाळेतली एक खोली. खाण बंद करायला झालेल्या खर्चापुढे ही रक्कम दिसलीही नसती. माजी कोळसा गावांच्या पुनर्उभारणीसाठी कोलफील्ड्स रिजनरेशन ट्रस्ट ही संस्था उभी राहिली ती १९९९ मध्ये. ग्राइमथॉर्पची खाण बंद झाली तेव्हा जे मूल दहा वर्षांचं होतं, म्हणजे कॉर्नेट हातात घ्यायच्या नेमक्या वयाचं, ते तोवर सोळा वर्षांचं झालं होतं. ब्रास बँडमध्ये सहा वर्षं म्हणजे एक अख्खी मागची रांग.

डरॅमच्या मेळाव्याचं उदाहरण इथे बोलकं आहे. डरॅम कोळसापट्ट्यातली शेवटची खाण, वेअरमाउथ, १९९३ मध्ये बंद झाली. मेळावा अजून भरतो आणि झेंड्यांमागे बँड चालतात. तिथे मेळाव्याने बँडला दरवर्षी एक काम दिलं, मिरवणुकीत चालण्याचं, गावाच्या झेंड्यामागे वाजवण्याचं. या कामाला अव्वल वादक लागत नाहीत, गावचे वादक लागतात, आणि त्यात बारा-तेरा वर्षांची पोरंही सामावतात. बँडला स्पर्धेबाहेर एखादं नेहमीचं काम असेल तर नवीन पिढी आत येण्याची फट राहते. माझ्या मते ग्राइमथॉर्पने जगाला दाखवलं, की कामगारांच्या बँडची कला खाणीपेक्षा दीर्घायुषी असू शकते. गल्लीतली ती रांग वाचवायची तर त्याचं नियोजन १९९२ च्या ऑक्टोबरपासून मेच्या शेवटच्या पाळीपर्यंतच्या सात महिन्यांत व्हायला हवं होतं, आणि ते करण्याची जबाबदारी बँडची नव्हती.

ब्रिटनमधली शेवटची खोल कोळसा खाण, यॉर्कशरमधलीच केलिंग्ली, १८ डिसेंबर २०१५ ला बंद झाली. तेव्हापासून त्या देशातल्या एकाही कॉलिअरी बँडच्या मागे चालती खोल खाण नाही. पुढचं त्यांचं टिकणं आता पूर्णपणे लहान मुलांच्या बँडांवर, म्हणजे शाळा आणि नगरपालिका त्यांना वाद्यं आणि शिक्षक देतात की नाही यावर अवलंबून आहे.